घंटेला उठणारा माणूस

आमच्या बंबखान्यात आजारी कोण आणि ढोंगी कोण हे ठरवायला डॉक्टर कधी लागलाच नाही. घंटा होती ना!

एखादा बंबवाला म्हणाला की डोकं फुटतंय, पोटात कळ येतेय, आज पाळीवर येत नाही, की मामा काही न बोलता जिना उतरायचे. मामा म्हणजे बंबखान्याचे मुख्य. नात्यानं ते एकाच माणसाचे मामा होते, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. खाली येऊन ते बंबाशेजारच्या पितळी घंटेच्या दोरीला असे काही लोंबकळायचे की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा अंग झाडून उभी राहायची. आग कुठंच नसायची. पण वर अंथरुणात पडलेल्याला ते काय ठाऊक? वरच्या मजल्यावरून खाली यायला जमिनीत एक गोल भोक आणि त्यातून उतरलेला गुळगुळीत पितळी खांब. त्याला मिठी मारायची आणि सर्रकन खाली. घंटेला जो खांबावरून खाली आला तो ठणठणीत. नाही आला तो आजारी. संपला विषय.

आणि सगळे यायचे हो! एकाचे गाल सुजून तोंडाचा भोपळा झाला होता, तो आला. एकाचा घोटा मोडलेला, तोही आला. खाली पोचल्यावर मोडका पाय टेकला, तेव्हा कुठं त्याला घोट्याची आठवण झाली आणि तो बोंबलला. एक लठ्ठ स्वयंपाकी होता. त्याच्या पोटात अशी कळ की भिंतीला डोकं आपटत होता. मामांनी घंटा बडवली, स्वयंपाकी खांबावरून लोण्याच्या गोळ्यासारखा खाली आला. मामांनी पाठ थोपटली, “ठणठणीत!” आणि आठवडा उलटायच्या आत तो मेला. आतडं फुटलं होतं. कुणीतरी धीर करून मामांना विचारलं तर म्हणाले, “मेला तो नंतर. घंटा वाजली तेव्हा बराच होता.” अख्खा बंबखाना हसला. माणसं काय, मरतातच. असा जबाब पुन्हा ऐकायला मिळत नाही.

मी तिथं नळ्या शिवायचो. पाण्याच्या जाड्या कॅनव्हासच्या नळ्या. दर आगीनंतर कुठंतरी फाटलेल्या, करपलेल्या. माझी खोली वरच्या मजल्यावर, शेवटून दुसरी. शेवटची खारीची. दोन्हींच्या मध्ये नुसती फळी. पलीकडं कुणी कूस बदलली तरी मला कळायचं. त्यामुळं आता सांगतो ते अर्धं डोळ्यांनी पाहिलेलं आणि अर्धं फळीतून ऐकलेलं आहे. ऐकलेलं जास्त खरं.

खार हे काही त्याचं नाव नव्हे. पण शिडी टेकायच्या आत हा तिच्या मधल्या पायरीवर असायचा, म्हणून खार. एकदा एका गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या घराला आग लागली. बाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, अंगानं चांगल्या भरलेल्या, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. खार वर गेला, त्यांना खांद्यावर टाकून खाली घेऊन आला. जमिनीवर पाय लागताच बाईंनी त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. गडी परत शिडीवर! खाली आम्ही सगळे ओरडतोय, “वर आणखी कोण आहे? पोर आहे का?” तो धुरातून परत आला तो बाईंच्या केसांचा टोप स्वतःच्या डोक्यावर घालून. हात मोकळे हवेत ना शिडीला! त्याच आठवड्यात मामांनी आपली मुलगी त्याला देऊन टाकली. म्हणाले, “जो टोपासाठी आगीत परत जातो, तो बायकोसाठी नक्की जाईल.” तेव्हापासून मामा हे खारीचे खरोखरचे मामा, म्हणजे सासरे.

त्यांना एक मुलगी झाली. काळी, चपळ, सारखी इकडून तिकडं उडणारी. तिला सगळे ठिणगी म्हणायचे. चालायला लागली आणि लगेच खांबाला चिकटली.

ठिणगी अजून कडेवरची होती तेव्हा थंडीत तापाची साथ आली. बंबखान्यात एकूण एक माणूस आडवा झाला. मामासुद्धा खोकत खोकत घंटा पुसत होते. मग एकेक करून सगळे उठले. खारही उठला, पण उठलाच नाही म्हणा ना. ताप गेला, घसा बरा झाला, आणि माणूस मात्र परत आला नाही. रात्रभर झोपायचा आणि सकाळी असा दिसायचा की जणू रात्रभर कुणी त्याच्याकडून दगड फोडून घेतलेत. उभा राहिला की छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. बोलता बोलता शब्द हरवायचे. एकदा आगीच्या ठिकाणी जोरात ओरडला, “चमचा सोडा! चमचा!” त्याला म्हणायचं होतं नळी. त्या दिवशी पाणी उशिरा सुटलं, कारण नळी धरणारा हसून हसून खाली बसला होता.

पण सगळ्यात मोठी गंमत वेगळीच. काम करताना त्याला फारसं काही व्हायचं नाही. शिडी चढायचा, माणूस उतरवायचा, चहा पिऊन घरी जायचा. आणि दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही पुढच्या दिवशी, ओल्या कपड्याच्या बोळ्यासारखा पडायचा. अंग असं दुखायचं की चादर सोसायची नाही. उजेड सोसायचा नाही. मामांनी पुढ्यात उभं करून विचारलं,

“काय जावईबापू, परवा तर माकडासारखे चढत होता.”

“चढलो ना, मामा. म्हणूनच आज असं झालंय.”

“परवा चढलास आणि आज दमलास?”

“हो.”

“मग दोन दिवस थकवा कुठं होता? टपालात?”

झालं! त्या दिवसापासून खार गेली आणि टपाल आलं. हा जिना चढायला लागला की खालून कुणीतरी ओरडायचं, “टपाल आलं का रे?” दुसरा म्हणायचा, “वाटेत आहे, परवा पोचेल.” बंबाचा ड्रायव्हर फार गुणी. तो रोज याच्या दारावर टकटक करून पोस्टमनच्या आवाजात म्हणायचा, “थकवा आलाय, सही करा!” इतकं हुबेहूब करायचा की मलाही एकदा दार उघडावंसं वाटलं.

बायको कामाची, तोंडाची तिखट. बंबखान्याच्या स्वयंपाकघरात राबायची, घरी येऊन याला भरवायची, आणि भरवता भरवता ऐकवायची. फळीतून मी ऐकलंय, “लग्न खारीशी केलं आणि संसार गोगलगायीशी करतेय मी.” तो म्हणायचा, “हळू बोल गं. आवाज लागतोय.” ती म्हणायची, “आवाज लागतोय! बोलणं लागत नाही का?” मग चमचा वाटीला लागल्याचा तेवढा आवाज.

बंबखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो.

“सगळं झकास आहे,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा तुमची तब्येत बरी.”

“मग मला उठवत का नाही?”

“ते तुम्हीच मला सांगा.”

तो सांगायला लागला तर डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. अखेर निकाल द्यायला घंटाच पुढं आली. भर दुपारी मामांनी दोरी धरली. वर टपालराव तीन दिवस पडून होते. घंटेचा पहिला टोला पडला आणि धाडकन दार उघडलं, अनवाणी पाय धावले, आणि सर्रर्र करत स्वारी खाली! हेल्मेट डोक्यावर, पट्टा कसतोय. “कुठं आहे आग?” सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ड्रायव्हरनं तर शिट्टी मारली. याचा चेहरा पांढराफटक. खांबाला धरून म्हणाला, “मामा, आज नका बघू. परवा या वर. परवा बघा मला.”

मामा म्हणाले, “घंटा आज वाजलीय.”

परवा कुणी गेलं नाही. कशाला जातील? निकाल लागला होता. फळीपलीकडं त्या दिवशी काय आवाज येत होता ते मी इथं लिहीत नाही. जेवणाच्या वेळी वाचणारेही असतील.

मामा मनानं दुष्ट नव्हते. त्यांनी जावयावर उपचारही केला. म्हणाले, दमणूक दमवूनच निघते. रोज शिडी चढायची, आणि कालच्यापेक्षा आज एक पायरी जास्त. खाली सगळे उभे राहून मोठ्यानं पायऱ्या मोजायचे, लहान पोराला शिकवतात तशा सुरात. तो चढला. खरंच चढला हो, नाही म्हणायला त्याला कुठं येत होतं? पायऱ्या वाढत गेल्या आणि माणूस उतरत गेला. एक दिवस शिडीच्या मध्यावर हात सुटले. जाळीत पडला म्हणून वाचला. त्यानंतर त्याला टेलिफोनपाशी बसवलं. पण पलीकडचा पत्ता सांगेपर्यंत हा अलीकडचं विसरायचा. म्हणून तेही गेलं. मग उरली खोली. खिडकीला काळं फडकं, कानात कापूस. खोली काढून घेतली नाही, कारण बायको स्वयंपाकघरात होती आणि बायको मामांची मुलगी होती. अशी वर्षं गेली. नवे बंबवाले आले. त्यांना वाटायचं टपाल हे त्याचं आडनावच आहे.

आता ठिणगीची गोष्ट.

पोरगी शाळेत धावण्यात पहिली. खांबावरून उतरायला मनाई असताना दिवसातून दहादा उतरायची. मामांचा जीव तिच्यावर. “ही माझ्या रक्तावर गेलीय,” म्हणायचे, “टपालखात्यावर नाही.” आणि तिच्या अकराव्या वर्षी घसा सुजला, मानेत गाठी आल्या, ताप आला. ताप उतरला. गाठी बसल्या. आणि पोरगी बसूनच राहिली.

शाळेत जायची, हसायची, अर्धा दिवस बरी असायची. त्यानंतरचे दोन दिवस अंथरुणातून उठायची नाही. डोकं दुखतंय, पोट दुखतंय. पाठ असलेले पाढे मध्येच तुटायचे. प्रार्थनेला उभी राहिली की ओठ पांढरे पडायचे. शाळेच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, “सोमवारी एकदम छान असते. मंगळवारी नखरे सुरू. घरी कुणाचं बघून शिकते का?”

घरी कुणाचं बघून शिकते हे सांगायला कोण लागतंय? मामा वर आले. कित्येक वर्षांनी त्या खोलीत पाऊल टाकलं. दारातूनच म्हणाले, “एक सडला तो सडला. दुसरी सडू देणार नाही. माझा जुना दोस्त निवासी क्रीडाशाळेत कवायत शिकवतो. पहाटे उठवून धावायला लावतो, आठवड्यात घोडी होईल. पोरीला तिथं पाठवतोय.”

“मामा,” अंधारातून जावई बोलला. त्याचा आवाज मला फळीतूनही जेमतेम ऐकू आला. “मला पायऱ्या चढवल्यात तसं तिला करू नका. ती माझ्यासारखी होईल.”

“तुझ्यासारखी होऊ नये म्हणूनच तर!”

“आधी तिला मोठ्या इस्पितळात दाखवू द्या. फक्त एकदा.”

मामांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. बायको रडून म्हणाली, “एका घरात दोन पलंग मी नाही भरवणार. माझ्यात नाही तेवढं.” पण गेली. नवऱ्यालाही न्यायचं ठरलं, कारण पोरगी बापाशिवाय हलेना. त्याला खुर्चीत बसवून ड्रायव्हरनं आणि मी खाली उतरवलं. ड्रायव्हर वाटेत म्हणाला, “पार्सल जड आहे हो!” आणि खुर्चीतला माणूस हसला. हे सांगायलाच हवं. तो विनोदाला नेहमी हसायचा, स्वतःवरच्यासुद्धा. हसण्यानंही तो दमायचा, हे मला फार उशिरा समजलं.

खुर्ची उचलायला म्हणून मीही इस्पितळात आतपर्यंत गेलो. तिथं लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. बारीक, चष्मेवाल्या, घाई नसलेल्या. असा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. खार भिंतीलगतच्या बाकावर आडवा झाला, डोळ्यांवर रुमाल. बाईंनी पोरीला आधी निजवून नाडी मोजली, मग उभं करून, भिंतीला न टेकता, पुन्हा पुन्हा मोजली. नाडी नुसती पळत सुटली होती. रक्त तपासायला दिलं, थायरॉईड दिलं, आणखी काय काय. मग विचारायला लागल्या.

“झोप लागते का गं?”

“लागते.”

“उठल्यावर ताजं वाटतं?”

पोरगी विचारात पडली. बाकावरून आवाज आला, “झोपताना होतं त्यापेक्षा वाईट वाटतं.”

पोरीनं मान हलवली.

“शाळेतून आल्यावर कसं असतं?”

“त्या दिवशी बरं असतं,” पोरगी म्हणाली. “मग...”

“मग दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या दिवशी येतं,” बाकावरून. “हातापायांत वाळू भरल्यासारखं. वाचलेली ओळ वरच्या ओळीत मिसळते. कुणी ताट ठेवलं तरी डोक्यात हातोडा मारल्यासारखं होतं.”

पोरगी बापाकडं बघत म्हणाली, “हो. तस्संच. मी तर कुणाला सांगितलंही नव्हतं.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्ची वळवली. बाकाकडं पाहिलं. “आणि तुम्हाला हे कधीपासून आहे?”

बायकोनं तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं रुमाल काढला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका शब्द हरवला. बाई थांबल्या. मी मोजलं नाही, पण बऱ्याच थांबल्या. मग तो म्हणाला, “ही कडेवर होती तेव्हापासून.”

पोरीला दाखवायला गेले आणि बापाचं निदान बाकावर झालं. हे मी घरी येऊन सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं, पण कुणाला फारसं हसू आलं नाही.

तपासण्या आल्यावर बाईंनी नाव सांगितलं. क्रॉनिक फटिग सिंड्रोम. म्हणाल्या, “नाव फसवं आहे, ऐकणाऱ्याला वाटतं नुसता थकवा. याला एकच एक तपासणी नाही. दुसरं काही नाही ना, ते आधी बघायचं. मग माणसाचं नीट ऐकायचं. कित्येक महिने टिकलेला थकवा, विश्रांतीनं न जाणारा. झोपून ताजं न होणं. डोक्यात धुकं, उभं राहिलं की त्रास. आणि खरी खूण म्हणजे श्रमाची शिक्षा उशिरा मिळणं. मोठ्यांत पक्कं म्हणायला सहा महिने बघतात, मुलांत तेवढं थांबत नाहीत. कधी घरात एकापेक्षा जास्त जणांना होतो.”

“औषध?” बायकोनं विचारलं.

“जादूचं नाही. जेवढी ताकद आहे तिच्या आत राहायचं. शाळा थोडी थोडी, घरून. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त वेळा सुधारतात. पण आता हिला रेटलंत,” त्यांनी बाकाकडं पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. त्यांनी तसं सगळं कागदावरही लिहून दिलं.

मामांनी कागद वाचला. उलटा करून मागंही पाहिलं. “थकव्याला इंग्रजीत थकवाच म्हटलंय की,” म्हणाले. “कागदावर घंटा वाजत नाही. मी नातीवर अन्याय करणार नाही, सगळ्यांना आहे तोच न्याय तिला. घंटा वाजवेन. नाही उठली, तर खुशाल पडून राहू दे, ब्र काढणार नाही. उठली, तर दुसऱ्या दिवशी क्रीडाशाळा.”

आता बघा पेच. पोरगी खरोखर आजारी. आणि घंटा वाजली की ती उठणार, हेही खरं. बंबखान्यात वाढलेलं पोर ते, दूध तोंडात असताना घंटेला दचकलेलं. छातीत एकदा घंटा शिरली की पाय उसनं बळ आणतात कुठून तरी. स्वयंपाकी नाही का आला फुटकं आतडं घेऊन!

दुसऱ्या दिवसापासून फळीपलीकडून एक नवा आवाज यायला लागला. वाटीवर चमचा. टण. मग बापाचा पुटपुटता आवाज. मग शांतता. पुन्हा टण. मला आधी वाटलं भरवताहेत. मग कान लावला.

“टोला पडला की काय करायचं?”

“उठायचं नाही.”

“धूर आला असं वाटलं तर?”

“उठायचं नाही.”

“मी ओरडलो तर?”

“बाबा!”

“उठायचं नाही. जग जळू दे, तू पडून राहा.” टण.

आयुष्यभर घंटेला उठलेला माणूस पोरीला न उठायला शिकवत होता. खरा आजार खरा ठरावा म्हणून खोटं शिकवत होता! मी मामांना सांगितलं नाही. अशी मजा रोज रोज थोडीच ऐकायला मिळते? मध्येच एकदा पोरगी खुदकन हसली. “बाबा, चमचा वाजला की तुमचेच अंगठे हलतात!” तो म्हणाला, “माझं सोड. परीक्षा तुझी आहे.”

परीक्षा झाली. टळटळीत दुपारी. खाली सगळे जमले होते, शाळेच्या बाईसुद्धा आल्या होत्या. मामांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घंटा बडवली. असा आवाज मी त्या घंटेचा त्याआधी ऐकला नव्हता. खिडक्यांची तावदानं थरथरली.

वर काहीच हललं नाही. टोल्यावर टोले. शाळेच्या बाई कानावर हात ठेवून उभ्या. मामांच्या कपाळावर घाम. पोरगी उठली नाही. नंतर आईनं सांगितलं, डोळे मिटून पडली होती, दोन्ही हातांनी पलंगाची चौकट धरून, आणि कानाकडं पाणी वाहत होतं.

मामांनी दोरी सोडायला हात सैल केला, आणि वर धाडकन दार उघडलं. अनवाणी पाय. सर्रर्र!

खांबावरून खाली आला तो बाप. गंजिफ्रॉक, दाढी वाढलेली, कानातल्या कापसाचा एक बोळा खांद्यावर पडलेला. खाली आला, सवयीनं हात वर गेला, आणि त्याच्या जुन्या खिळ्यावरचं, आता दुसऱ्याचं असलेलं हेल्मेट काढून डोक्यावर घातलं. मग आजूबाजूला पाहिलं.

मग ड्रायव्हर ओरडला, “टपाल आलं!” आणि असा हशा पिकला, असा हशा, की नवा एक बंबवाला पोट धरून बंबाच्या पायरीवर बसला. मीही हसलो. ते दृश्यच तसं होतं.

मामा हसले नाहीत. ते न्याय करत होते. “झालं तर मग,” म्हणाले. “पोरगी आजारी आहे, मी मानलं. आणि बाप इतकी वर्षं ढोंग करत होता, हेही मानायला पाहिजे. एकच घंटा, दोघांनी ऐकली. जावई सोमवारपासून पाळीवर. मान्य?”

वरच्या भोकातून बायको वाकली होती. “अहो, सांगा ना त्यांना! डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगा! घंटेला काय कळतंय, सांगा!”

त्यानं वर पाहिलं. मग घंटेकडं. खांब सोडला असता तर पडला असता, म्हणून धरून होता. मी अगदी जवळ होतो. त्याच्या ओठांवर शब्द आला होता हे मी पैजेवर सांगतो, आणि या वेळी तो हरवलाही नव्हता. पण घंटा खोटी म्हटली, तर ती पोरीसाठीही खोटी. दोघांना एकच घंटा.

“मान्य,” तो म्हणाला.

“इतकी वर्षं ढोंग केलंस?”

“केलं, मामा.”

शाळेच्या बाई चुकचुकल्या. वर बायको भोकाच्या काठावरून मागं सरली, आणि परत पुढं आली नाही.

सोमवारी तो पाळीवर आला. मंगळवारीही आला. ढोंगी म्हणून त्याला गोदाम झाडायला दिलं, ओल्या नळ्या बंबखान्यामागच्या उंच मनोऱ्यात टांगून वाळत घालायला दिल्या. पाण्यानं भिजलेली नळी चांगल्या माणसाचे खांदे उतरवते. तो एकही विनोद चुकवायचा नाही, सगळ्यांना हसून दाद द्यायचा. ड्रायव्हर म्हणाला, “बघा, थकवा परत पाठवला वाटतं. पत्ता चुकीचा!” तो आठवडा संपला तेव्हा मनोऱ्याच्या तळाशी नळ्यांच्या ढिगावर सापडला. डोळे उघडे, ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. चौघांनी वर नेला. त्यानंतर तो स्वतःच्या पायांनी दारापर्यंतही आलेला नाही. मामा म्हणाले, “पुन्हा सुरू झाली नाटकं.” पण वचनाला पक्के. पोरीला कुणी हात लावला नाही.

पोरगी पडून राहिली. दोन वर्षं, वर थोडी. शाळेच्या बाई वह्या वर पाठवायच्या. हळूहळू खिडकीशी बसायला लागली, मग जिन्यापर्यंत, मग अंगणापर्यंत. पुन्हा धावली नाही कधी, पण आज बरी आहे. खाली टेलिफोनपाशी अर्धा दिवस बसते, दुपारी अंग टाकते, लग्नकार्याला जायचं तर पुढचे दोन दिवस मोकळे ठेवते. पत्ता विसरत नाही.

मामा आता फार म्हातारे झालेत. रोज खुर्ची टाकून घंटेखाली बसतात आणि नव्या पोरांना सांगतात, “घंटा कधी खोटं बोलत नाही. माझी नात खरी आजारी होती, उठली नाही. जावई लबाड होता, उठला. डॉक्टर लाख कागद देतील.” पोरं माना डोलावतात. ठिणगी शेजारीच टेलिफोनवर असते, सगळं ऐकते. एकदा तिनं आजोबांना विचारलं होतं, घंटेच्या लोलकाला फडकं बांधू का, वर बाबांना आवाज सोसत नाही. ते म्हणाले, “ढोंग्यासाठी घंटा मुकी करू?”

म्हणून घंटा वाजली की ती आधी आगीचा पत्ता बंबावर देते आणि मग जिना चढते, तिला चढता येईल तसा. तोवर आई पोचलेली असते, ती त्याच्या कानांवर तळवे धरते. पोरगी पलंगाच्या पायथ्याशी बसून बापाचे दोन्ही घोटे धरते. माणसाला चमचा उचलता येत नाही, पण टोला पडला की पाय अजून ओढ घेतात, खांबाकडं. ती सगळा भार टाकून धरून ठेवते. फळीतून मला तिचा आवाज येतो. चिडका नाही, रडका नाही, पाढा म्हटल्यासारखा.

“उठायचं नाही, बाबा. जग जळू दे.”